पणतीची ज्योत आणि पडद्यावरची राख

आज २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी प्रकाशाच्या विकिरणातील जो नवा परिणाम शोधला, त्याच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो. त्या शोधाच्या सुरुवातीच्या निरीक्षणांत सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या आणि उघडा डोळा एवढीच सामग्री होती. पुढे १९३३ साली रामन बंगळूरुला आले. मल्लेश्वरममध्ये त्यांचे ‘पंचवटी’ हे घर आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी डोळ्याला रंग आणि उजेड कसे जाणवतात याचाच ध्यास घेतला, आणि १९६८ साली दृष्टीच्या शरीरक्रियेवर एक ग्रंथही लिहिला.

त्याच मल्लेश्वरममधील एका मराठी घरात याच आठवड्यात आजीचे वर्षश्राद्ध झाले. मागल्या वर्षीच्या माघात ती गेली. त्याआधीच्या कार्तिकात ती काडू मल्लेश्वर मंदिराच्या दीपोत्सवाला गेली होती. व्यंकोजीराजांनी बांधले असे मानले जाणारे हे देऊळ तिला माहेरच्या वाटेवरचे वाटे. त्या संध्याकाळी तिच्या हातात पणती होती आणि काकांनी फोनवर चार छोटी चित्रणे घेतली होती. श्राद्धाला जमलेल्या नातलगांसाठी काकांनी ती जोडून लॅपटॉपवर एक लहानशी फिल्म तयार केली आणि दिवाणखान्यातील टीव्हीवर लावली.

चित्र फिकट आले. आजीच्या पातळाचा डाळिंबी रंग विटका दिसत होता, अंधार करडा झाला होता, ज्योतीत जीव नव्हता. काका पुतणीकडे वळून म्हणाले, “अगं, फोनवर तर आईच्या हातातली ज्योत कशी सळसळत होती! इथं सगळ्यावर राख पडल्यासारखी का दिसते?” पुतणी भौतिकशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी. तिने आधी फोन हातात घेतला, मग लॅपटॉप.

प्रश्न पणतीपासूनच सुरू होतो. तेलवातीच्या लहान ज्योतीची दीप्ती ढोबळमानाने एक कँडेला धरली, तर अर्ध्या मीटरवरच्या चेहऱ्यावर सुमारे ४ लक्स उजेड पडतो. त्वचा त्यातला थोडासाच परत पाठवते. चेहऱ्याची तेजस्विता चौरस मीटरला जेमतेम अर्धा कँडेला भरते. चौरस मीटरला एक कँडेला म्हणजे एक निट. ज्योतीचा गाभा मात्र १०,००० निटच्या आसपास असतो. म्हणजे आजीचा चेहरा आणि तिच्या हातातली ज्योत यांत सुमारे वीस हजारपटींचे अंतर. दोन्ही एकाच वेळी पाहताना डोळ्याला फारसे सायास पडत नाहीत. पडद्याला पडतात.

टीव्हीची जुनी प्रमाणित पद्धत सुमारे १०० निटांच्या पडद्यासाठी आखलेली आहे. ८ बिटांच्या चित्रणात प्रत्येक मूळ रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. त्याहून तेजस्वी जे काही असेल, ते सगळे शेवटच्या पायरीवर एकत्र कोंबले जाते. २०१६ साली ठरलेल्या एचडीआर प्रमाणाने पायऱ्या किमान १० बिटांपर्यंत, म्हणजे किमान १०२४ पर्यंत नेल्या आणि उजेड आकड्यांत नोंदवण्याचे दोन नवे नियम मान्य केले. पहिला ‘पीक्यू’. त्यात प्रत्येक आकड्याचा अर्थ ठरावीक निट असा असतो आणि त्याची वरची मर्यादा १०,००० निट, म्हणजे पणतीच्या ज्योतीइतकी आहे. दुसरा ‘एचएलजी’; तो ब्रिटनच्या बीबीसी आणि जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थांनी विकसित केला. त्यात दृश्यातील कमाल उजेडाच्या बाराव्या हिश्श्यापर्यंतचा पल्ला आकड्यांच्या खालच्या निम्म्या भागात बसतो, आणि उरलेले अकरा हिस्से लॉगरिदमने आवळून वरच्या निम्म्यात. अंधारातले बारकावे डोळा अधिक टिपतो, म्हणून तिकडे पायऱ्या अधिक. २०२० पासूनचे आयफोन डॉल्बी व्हिजनमध्ये चित्रण करतात, तेव्हा त्याच्या तळाशी हाच एचएलजी नियम असतो. काकांचा फोन त्याच जातीचा होता.

काकांच्या संपादन-प्रणालीला मात्र कोणी हे सांगितले नव्हते. तिने एचएलजीचे आकडे जुन्या नियमाने वाचले. रंगांचेही तसेच झाले. एचडीआरचा ‘पूर्ण लाल’ जुन्या पद्धतीच्या लालाहून बराच गडद असतो. त्या लालाचा सत्तर टक्के हिस्सा जुन्या लालाचा सत्तर टक्के म्हणून रंगवला, की डाळिंबी पातळ विटते. लिपी तीच, पण भाषा दुसरी समजून वाचावे तसा हा प्रकार. आकडे मात्र शाबूत होते. पुतणीने मूळ चित्रणे पेनड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावली. पडद्याच्या कोपऱ्यात ‘एचडीआर’ ही खूण उमटली, अंधार पुन्हा अंधार झाला आणि ज्योतीला टोक आले. आत्यांनी डोळ्यांना पदर लावला.

तीन चित्रणे अशी परत आली. चौथे आले नाही. ते होते देवळाच्या पायरीवरचे. आजी पणती ठेवण्यासाठी वाकते आणि उठताना कॅमेऱ्याकडे पाहते. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून काकांनी ते साध्या स्वरूपात रूपांतरित केले होते आणि मूळ फाइल पुसून टाकली होती. त्या प्रतीत आजीचा चेहरा नीट आहे, पण हातातल्या पणतीवर एक सपाट पांढरा डाग आहे. गाभा, कडा, टोकाचा केशरी रंग, सगळ्यांना एकच आकडा मिळालेला. तीन वेगळ्या संख्यांच्या जागी एकच संख्या लिहिली गेली, की मूळ तीन कोणत्या होत्या हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. सॉफ्टवेअर तिथे एखादी ज्योत कल्पनेने रंगवील. ती आजीच्या हातातली नसेल.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा भेद पहिल्याच वर्षी शिकवला जातो. नोंद चुकीची वाचली तर पुन्हा वाचता येते; नोंदच छाटली तर प्रयोग पुन्हा करावा लागतो. आणि काही प्रयोग पुन्हा होत नाहीत.

म्हणून घरोघरच्या फोनांतील अशा नोंदींसाठी थोडी शिस्त पुरेशी आहे. मूळ फाइल पुसू नये. ती तारेने किंवा पेनड्राइव्हने हलवावी. संदेश-अ‍ॅपवर ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवलेली प्रत बहुधा आवळलेली असते, तेव्हा तिला मूळ समजू नये. मीडियाइन्फोसारख्या विनामूल्य साधनात चित्रण १० बिटांचे आहे का, आणि नियम एचएलजी की पीक्यू, हे पाहावे. विंडोज संगणकाचा पडदा एचडीआर असेल, तर प्रदर्शनाच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू करावी. पडदा साधा असेल, तर उजेडाचा पल्ला जाणतेपणाने आवळून दाखवणारा व्हीएलसी किंवा एमपीव्हीसारखा प्लेअर वापरावा. संपादनाच्या आरंभीच प्रकल्पाचे रंग आणि उजेडाचा नियम मूळ चित्रणाशी जुळवावा, आणि साध्या पडद्यांसाठीची प्रत शेवटी वेगळी काढावी. टीव्हीच्या खोक्यावरचा ‘एचडीआर’ शिक्का फक्त संकेत वाचता येतो एवढीच हमी देतो. पडदा किती तेजस्वी आहे ते वेगळे पाहावे लागते.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर काकांनी विचारले, “चौथंही होईल ना गं नीट?”

पुतणी क्षणभर थांबली. मग म्हणाली, “नाही काका. त्यातली ज्योत गेली. चेहरा मात्र पूर्ण आहे.”

काका बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी उरलेल्या तीन फाइलींच्या दोन प्रती काढल्या. एक कपाटात ठेवली आणि दुसरी पुतणीच्या हातात दिली.