रिकामी जागा

साठवण करण्याची आपणा मराठी माणसांस मोठी हौस आहे, हे कोणत्याही जुन्या घराचा माळा पाहिला म्हणजे पटते. फुटकी कळशी, मोडकी चाळणी, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, काड्या तुटलेल्या छत्र्या. यांतील एकही वस्तू उपयोगाची नसते आणि एकही टाकून देण्याजोगी वाटत नाही. माळा भरतो, मग फडताळ भरते, मग खाटेखालची जागा भरते. आणि खरोखर जपून ठेवावी अशी वस्तू घरात येते, त्या दिवशी नेमकी तिलाच जागा उरलेली नसते. संगणकाच्या पोटातील माळ्यालाही हाच नियम लागू पडतो, याची प्रचीती मला नुकतीच आली.

माझा संगणक २००५ सालचा. त्याची साठवण चाळीस गिगाबाइटांची. आणि ज्या विंडोज एक्सपीवर तो चालतो, तिची देखभाल तिच्या निर्मात्यांनीच ८ एप्रिल २०१४ रोजी सोडून दिली. माझ्या चिरंजिवांच्या मते त्याचे योग्य स्थान भंगारवाल्याच्या गाडीवर आहे. परंतु जुन्या हातकॅमेऱ्याची तार बसेल असे भोक आमच्या घरात त्या एकट्याजवळच आहे, आणि त्या कॅमेऱ्याच्या एका चिमुकल्या फितीत आमची आई आहे. २००६ च्या उन्हाळ्यात गावच्या घरी जात्यापाशी बसून तिने तासभर ओव्या म्हटल्या होत्या. २०११ साली ती गेली.

साताऱ्याच्या आमच्या अक्काने यंदा सत्तरी गाठली. तिच्याजवळ डीव्हीडी लावण्याचे यंत्र आहे. त्यापुढील कोणत्याही उपकरणाशी तिने सख्य केलेले नाही. ती मला म्हणाली, "अरे, आईचा आवाज एकदा या कानांनी ऐकू दे. पुढची दिवाळी कोणी पाहिली आहे?" या प्रश्नाला उत्तर नसते; काम तेवढे करावयाचे असते.

डीव्हीडीची तबकडी ४.७ गिगाबाइटांची म्हणून विकली जाते. संगणकाला विचारावे तर तो तीच ४.३८ भरते असे सांगतो. कारण विकणारा हजाराने मोजतो आणि यंत्र एक हजार चोविसाने मोजते. पूर्वी गावोगावचा शेर निराळा असे, तशातलाच हा प्रकार. परंतु खरी अडचण मापाची नव्हती. फितीतील एक तास जसाच्या तसा उतरवून घ्यावयाचा, तर सुमारे तेरा गिगाबाइट जागा लागते. पुढे त्याचे डीव्हीडीला मानवेल असे रूपांतर करावयाचे, त्याला चार. मग तबकडीवर जे लिहावयाचे त्याची एक संपूर्ण प्रतिकृती आधी संगणकावरच सिद्ध व्हावी लागते. तिला आणखी चार. पुरणपोळी ताटात एवढीशी दिसते, पण ती होईपर्यंत परात, पातेले, पुरणयंत्र आणि पोळपाट मिळून सारे स्वयंपाकघर व्यापतात, तसे हे आहे. मला एकवीस गिगाबाइट हवे होते. शिल्लक होते सहा.

तेव्हा एवढी जागा अडवून कोण बसले आहे, याचा मी शोध घेतला. सतरा गिगाबाइट माझ्याच व्याख्यानांनी व्यापले होते. वर्षानुवर्षे ती कोणी ऐकली नव्हती, मीसुद्धा नाही. व्याख्याने एका सकाळी पुसून टाकताना मला वाईट वाटेल असे वाटले होते. तसे काही झाले नाही.

जागा झाली, तरी काम पुढे सरकेना. वीस मिनिटे झाली की चित्रण थांबे, आणि प्रत्येक वेळी आई त्याच ओवीच्या मधोमध गप्प होई. डिस्कवरील मांडणी जुन्या, फॅट३२ नावाच्या पद्धतीची होती, आणि तीत कोणतीही एक फाइल चार गिगाबाइटांपलीकडे वाढू शकत नाही, असे पुढे ध्यानात आले. वीस मिनिटांचे चित्रण बरोबर तेवढे भरते. घरची छायाचित्रे दुसरीकडे उतरवून ठेवली, आणि संगणकातच असलेल्या एका आज्ञेने ती मांडणी एनटीएफएस या पद्धतीची करून घेतली. त्यानंतर आई शेवटपर्यंत गायली. या उतरवण्यात घाई चालत नाही. एका तासाच्या फितीला एक तासच लागतो. तो संपूर्ण तास मी जागचा हललो नाही.

तबकड्या मात्र दोन वाया गेल्या. लिहिण्याचा वेग सोळापट ठेवला होता, आणि म्हाताऱ्या यंत्राला तेवढ्या त्वरेने मजकूर पुरवणे जमेना. सांगणारा मागे पडला की लिहिणाऱ्याची लेखणी अडखळायचीच. बाकीची सारी कामे बंद करून वेग चौपटीवर आणला, तेव्हा पंधरा मिनिटांत तिसरी तबकडी निर्विघ्न तयार झाली आणि साताऱ्यास रवाना झाली.

परंतु तेवढ्याने आई सुरक्षित झाली, असे मी मानत नाही. या तबकडीत मजकूर धरून ठेवतो तो रंगद्रव्याचा एक पातळ थर. ऊन, उष्मा आणि दमट हवा यांनी तो विटतो. आपल्या जुन्या लेखनिकांना ही नश्वरता ठाऊक होती. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राख, अशी विनवणी ते पोथीच्या शेवटी तिच्याच तोंडून करवीत. तरीही पोथी तरली ती कागदाच्या बळावर नव्हे, पुनःपुन्हा केलेल्या नकलांच्या बळावर. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही नकलांत शिरलेले पाठभेद पाहूनच.

म्हणून ओव्यांच्या आणखी दोन प्रती केल्या. एक वेगळ्या हार्ड डिस्कवर कपाटात आहे, दुसरी चिरंजिवांच्या नव्या संगणकावर. काही वर्षांनी त्यांच्याही नकला कराव्या लागतील, आणि त्या वेळी कोणाला तरी आपले स्वतःचे काही पुसून आजीसाठी जागा करावी लागेल. चिरंजिवांस मी तसे सांगून ठेवले आहे. त्यांनी मान हलवली. परंतु ओव्या अजून पुऱ्या ऐकलेल्या नाहीत.