इंजिन हवा घेतंय

महिंद्राची जुनी एफसी पिकअप आता कोल्हापुरात शोधून सापडायची नाही. 'फॉरवर्ड कंट्रोल' गाडी. इंजिन पुढे बॉनेटखाली नाही, तर ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध, पत्र्याच्या डब्यात. उन्हाळ्यात मांडी भाजायची. पण इंजिन जरा बिनसलं की कानाला आधी कळायचं, ही सोय मोठी.

आमच्या गाडीचे वायपर विजेवर नव्हे, व्हॅक्यूमवर चालायचे. गूळ कोकणात उतरवून गगनबावड्याकडे परत चढताना पाऊस हमखास गाठायचा. घाटात ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडायचा, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडायचा आणि वायपर काचेच्या मध्यावरच मुक्काम ठोकायचे. गाडी चालवणारे आबा क्षणभर पाय उचलत, काचेवर दोन फटकारे मारून घेत, की पुन्हा रेस. शेजारी बसलेल्याने या वेळी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता.

त्या वायपरचा रबरी पाईप चिरला की डब्यातून सुस्कारा ऐकू यायचा. आयडलिंग वर-खाली, गाडी सिग्नलला बंद. उद्यमनगरातले मिस्त्री आधी म्हणायचे, "चोक ओढा की जरा, आबा." चोक ओढल्यावर इंजिन सुधारलं म्हणजे कुठून तरी हवा घेतंय, हे नक्की. मग तेलाच्या कुपीतून पेट्रोलची बारीक धार सांध्यांवर. जिथे आवाज बदलला, तिथे चोर. संशयितही मोजकेच. एफसीच्या त्या हरिकेन इंजिनात इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली असल्यामुळे वेगळ्या मॅनिफोल्डचा सांधाच नाही. उरतं काय? कार्बोरेटरखालचं पॅकिंग, थ्रॉटलचा झिजलेला दांडा आणि हा पाईप. मला त्या पद्धतीची हळहळ नाही. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल मारणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. भडका उडाला नाही, हे नशीब.

मग डिझेल पिकअपचा जमाना आला. डिझेलला थ्रॉटलचा अडसर नाही, म्हणून व्हॅक्यूमही नाही. ब्रेकच्या बूस्टरसाठी तो अल्टरनेटरमागच्या पंपाकडून घ्यावा लागे. तिथला पाईप फुटला की इंजिन मजेत, ब्रेक मात्र दगड. तपासणी साधी: गाडी बंद करून पेडल कडक होईपर्यंत मारायचा, पाय दाबून ठेवून स्टार्टर द्यायचा. पेडल किंचित खाली गेला तर ठीक.

आताची छोटी पेट्रोल किंवा सीएनजी पिकअप गॅरेजात येते, की पोरगा आधी स्कॅनर लावतो. 'पी ०१७१' दिसलं की निदान झालं, असं बहुतेकांना वाटतं. तो कोड फक्त मिश्रणात हवा जास्त आहे एवढंच सांगतो. इंधनाचा दाब कमी असला तरी तोच येतो. शिवाय मॅप सेन्सरच्या गाडीत गळती असूनही तो कोड पुष्कळदा येत नाही. आत शिरलेली हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, कॉम्प्युटर तो वाचून इंधनही वाढवतो आणि गाडी फक्त जास्त आयडलिंगवर घोंघावत राहते. आकड्यांवर विसंबणारा इथे फसतो.

म्हणून मला स्मोक मशीन आवडतं. इंजिन बंद, इनटेकचं तोंड बंद, आत अगदी हलक्या दाबाने धूर. थोड्या वेळाने पीसीव्ही पाईपच्या बाकाखालून पांढरी रेघ वर येते आणि गाडीचा मालकही वाकून बघतो. स्कॅनरच्या पडद्यापुढे तो नुसता मान हलवत उभा होता.

दुरुस्ती मात्र बदलली. मिस्त्री पाईपचं चिरलेलं टोक इंचभर कापून, क्लिप आवळून गाडी तासाभरात सोडायचे. आताचा पाईप साच्यातल्या वळणाचा. इंचभर कापला तर पोचतच नाही. पार्ट उद्या येणार, तोवर भाजीचा माल दुसऱ्याच्या गाडीतून.