मी पाय काढून देत असे

विमानतळाच्या तपासणीत कोणी सांगायच्या आधीच मी पाय काढून ट्रेमध्ये ठेवत असे. त्यात मला कमीपणा कधी वाटला नाही, उलट बरंच वाटायचं. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, तर संकोच कसला, अशी माझी धारणा होती.

ती माझ्या गावी, कुडव्यातच तयार झाली. गोंदिया शहराला लागून असलो तरी आमच्या गल्लीत सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. अपघातात डावा पाय गुडघ्याखालून गेला, शिबिरात जयपूर फूट बसवला आणि मी पुन्हा शाळेत रुजू झाले, तेव्हा चौथीतल्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात ‘बाई, दाखवा ना’ म्हणून हट्ट धरला. दाखवला. त्यांनी बोटांनी टकटक करून पाहिलं आणि विषय संपला. आज नव्या पद्धतीचा पाय आहे, त्याचा लायनर, म्हणजे आत घालायचा मऊ मोजा, मी अंगणात बसूनच धुते. जाणारी-येणारी माणसं दोन शब्द बोलून पुढे जातात. अशा गावातून निघालेल्या बाईला मशीनसमोर पाय काढायला काय अडचण?

म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांचा व्हिडिओ आला, तेव्हा तो मला पटला नाही. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावून जयपूर फूटवर पुन्हा भरतनाट्यम करणारी ही मुंबईची नर्तकी आम्हा लोकांचा केवढा मोठा आधार! त्यांच्यावरचा ‘नाचे मयूरी’ चित्रपट आला तेव्हा माझे दोन्ही पाय धड होते, पण अपघातानंतर आईने पहिलं नाव घेतलं ते त्यांचंच. व्हिडिओत त्या पंतप्रधानांना विनवत होत्या, की दर वेळी विमानतळावर मला कृत्रिम पाय काढायला लावतात, ज्येष्ठ नागरिकांना तसं सांगणारं एखादं कार्ड द्या. विमानतळावरच्या सुरक्षा दलाने, सीआयएसएफने, लगेच माफी मागितली आणि कृत्रिम अवयव अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगायचा असतो, हेही स्पष्ट केलं. मला मात्र वाटत राहिलं, सुरक्षेसाठी एवढं करायला काय हरकत आहे? डिसेंबर १९९९ मधलं कंदाहारचं विमान-अपहरण मी विसरले नव्हते. त्यानंतरच विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे जाऊ लागली, फेब्रुवारी २००० मध्ये, आणि सुरुवात झाली जयपूरपासून. आमच्या पायाचंही गाव तेच.

आमच्या ह्यांचं म्हणणंही तेच असायचं, ‘दोन मिनिटांचं तर काम आहे.’ ते दोन मिनिटांचं नसतं, हे मी त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायची, सॉकेटच्या बाजूचं बटण दाबायचं, लायनरची पिन सुटली की पाय ओढून काढायचा. चप्पल पायातच असते, त्यामुळे ट्रेमध्ये कोणाचा तरी लॅपटॉप आणि कोणाचा तरी पट्टा यांच्या शेजारी चप्पल घातलेला पाय आडवा पडून आत सरकतो. तोवर तुम्ही एका पायावर. जवळ खुर्ची असेलच असं नाही. भिंत, टेबलाची कड, नाहीतर अनोळखी खांदा. मोकळा राहिला की स्टंपला, म्हणजे उरलेल्या पायाला, सूज धरते. मग परत घालताना तो आत नीट बसत नाही, उभं राहून जोर द्यावा लागतो, आणि पिनचा टक्-टक् आवाज पूर्ण ऐकू आल्याशिवाय पाऊल टाकलं तर पडायची भीती. हे सगळं मी हसतमुखाने करत होते.

मग एकदा एका मोठ्या शहरात माझ्यामागे एक मुलगी आली. वीस-बावीसची, जीन्स घातलेली. मेटल डिटेक्टरची कमान वाजली, तिने पाय कृत्रिम असल्याचं सांगितलं आणि विचारलं, ‘इथेच स्वॅब घेता येईल का?’ तपासणी करणारी बाई उद्धट नव्हती. तिने फक्त माझ्याकडे बोट दाखवलं. ‘वो आंटी ने तो खुद निकाल के दिया.’

मुलगी काही न बोलता पडद्याआड गेली. मी बाकावर बसून पिन अडकवत होते. ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा जीन्सची कड एका बाजूला दुमडलेली होती आणि चेहरा लाल झाला होता. मराठी बोलणारी निघाली. माझ्यापाशी थांबून म्हणाली, ‘काकू, तुमचा गुडघ्याखालून आहे ना? माझा मांडीपासून आहे.’

मांडीपासूनचा पाय काढायचा म्हणजे जीन्स उतरवायची. इतकी वर्षं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यावी लागते, तिला अर्धे कपडे काढावे लागतात. आणि माझी हौस तिच्यासाठी दाखला ठरली. संमती मी माझ्यापुरती देत होते, पण तपासणीच्या रांगेत ती माझ्यापुरती राहिली नाही.

त्यानंतर मी वाचत गेले. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्यात जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे विमानातून उतरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली. त्याच प्रकरणात पुढे डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की तपासणी अशी असावी की कोणालाही कृत्रिम अवयव किंवा कॅलिपर काढायला सांगावं लागू नये. सुधा चंद्रन यांच्या व्हिडिओनंतर दोन महिन्यांच्या आत! मला न पटलेली गोष्ट न्यायालयाने मानवी प्रतिष्ठेच्या नावाने मान्य केली होती. अमेरिकेतही तपासणीसाठी कृत्रिम पाय काढण्याची सक्ती नाही.

आणि पाय न काढताही तपासणी तर होतेच. स्वॅबची, म्हणजे कापडाची छोटी पट्टी सॉकेटवर, पावलावर, हातांवर फिरवतात, मशीनमध्ये घालतात, आणि स्फोटकांचा अंश असेल तर काही सेकंदांत कळतं. ग्लिसरीनचं क्रीम किंवा शेतातलं खत हाताला लागलेलं असलं तरी ते यंत्र कधी कधी ओरडतं, म्हणून आमच्या भागातल्या माणसाने हात धुऊन जावं. पोकळीत कोणी काही लपवलं तर, ही शंकाही रास्त आहे. तशी शंका आली तर कारण सांगावं, बंद खोलीत न्यावं, बाईची तपासणी बाईने करावी, आणि बसायला हात असलेली खुर्ची द्यावी. अपवाद म्हणजे एवढंच. तो रोजचा रिवाज होऊ नये.

विमानतळावरची ही तपासणी आता आमच्या दारात आली आहे, म्हणून लिहिते आहे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, इंग्रजांनी बांधलेली. तिथून १ डिसेंबर २०२३ ला हैदराबादचं विमान पुन्हा सुरू झालं, तेव्हा ज्यांनी नागपूरचं विमानतळसुद्धा पाहिलं नव्हतं अशी माणसं विमानात बसू लागली. त्यांच्यात साखरेच्या आजाराने पाय गेलेले असणार, रेल्वेखाली सापडलेले असणार, मळणी यंत्रात हात गेलेले असणार. वर्दीतला माणूस म्हणेल ते करायचं, हीच आमच्याकडची रीत.

मी आता पाय काढत नाही. कमानीच्या आधीच सांगते, डावा पाय कृत्रिम आहे, लावलेलाच राहू द्या, स्वॅब घ्या, हाताने तपासा, हवा तितका वेळ घ्या. दिव्यांगाचं ओळखपत्र हातात असतं. वेळ जास्त जातो, मागचे लोक कुरकुरतात, आमचे हे घड्याळ पाहतात. मी थांबते.

शेजारच्या भाऊंचा पाय गेल्या वर्षी गुडघ्याखालून काढावा लागला. मुलाकडे जायचं म्हणून ते परवा विचारायला आले. सगळं सांगितलं, दोनदा म्हणवून घेतलं. उठताना ते म्हणाले, ‘बाई, आणि त्यांनी ऐकलंच नाही तर?’

‘साहेबांना बोलवा म्हणा,’ मी सांगितलं, ‘आणि ते येईपर्यंत बटणाला हात लावू नका.’