कानाशी धरलेली अंगठी

दुकानात कुणी खड्याची अंगठी घेऊन आलं, की मी ती आधी कानाशी धरतो आणि नखानं हलकी टिचकी मारतो. खडा सैल झाला असेल तर आतून बारीक टिकटिक येते. नीट बसलेला असेल तर काहीच ऐकू येत नाही. भिंगातून पाहायचं ते त्यानंतर. नवी गिऱ्हाइकं जरा चमकतात. पण डोळ्याला दिसायच्या आधी खड्याचा सैलपणा कानाला कळतो, हे मी स्वतः खडे बसवायला लागल्यावर शिकलो.

आमचं घर कोल्हापूरचं, धंदा गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ पेठेत. वडील, म्हणजे अण्णा, साज करायचे. कोल्हापुरी साजात एकवीस पानड्या असतात: दहा विष्णूच्या अवतारांच्या, आठ अष्टमंगळांच्या, दोन माणिक आणि पाचूच्या, आणि एक ताईत. सोन्याचा पत्रा पातळ, म्हणून आत लाख भरायची. लाख तापली की घरभर गोडसर, धुरकट वास पसरायचा. माझ्या लहानपणाचा वास कुठला असं कुणी विचारलं, तर तो हाच. साजातले ते दोन खडेही अण्णाच बसवायचे. पण त्याबद्दल ते कधी बोलत नसत. "आपण सोन्याचे. खडे बसवणारे वेगळे," असं म्हणायचे.

त्या वेगळ्यांचं काम शिकायला मी १९९१ साली, एकोणिसाव्या वर्षी, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. झवेरी बाजारातल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक खोली होती. बारा कारागीर दिवसा तिथं बसून काम करायचे आणि रात्री तिथंच आडवे व्हायचे. मी सोडून सगळे बंगालचे, हुगळी आणि हावड्याकडचे. उस्तादांना सगळे दादा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. संध्याकाळी उठताना हात एका परातीत धुवायचे आणि ते पाणी ठेवून द्यायचं, कारण त्यात सोन्याचा कण असतो. बाहेरच्या गटाराच्या कडेला घमेलं घेऊन बसलेले लोकही तोच कण शोधायचे. आमच्याकडे गुजरीत झारेकरी हेच काम करतात, त्यामुळे तेवढं एक मला ओळखीचं वाटलं.

दुसरी ओळखीची गोष्ट म्हणजे लाख. खडा बसवताना अंगठी हातात धरून चालत नाही, ती जराही हलता कामा नये. लाकडी दांड्याच्या टोकाला लाखेचा गोळा असतो. तो दिव्यावर मऊ करून दागिना त्यात रुतवायचा आणि थंड होऊ द्यायचा. पहिल्या दिवशी दादांनी लाख तापवली आणि मला एकदम घर आठवलं.

पहिले सहा महिने सोनं नाही, हिरा नाही. पितळेच्या अंगठ्या आणि काचेचे खडे. शिकायचं काय, तर खड्याचं घर करायला. खड्याचा सगळ्यात रुंद भाग म्हणजे त्याची कंबर. त्या कंबरेला टेकायला धातूत आतून जी पायरी कापतात, ते घर. घर उथळ राहिलं तर खडा डुलतो. खोल गेलं तर बुडाचं टोक खालच्या धातूला टेकतं आणि वरून दाब आला की फुटतं. मोटरीला लावलेल्या बारीक बरनं, म्हणजे कापणाऱ्या टोकानं, ही पायरी कापायची, मधूनमधून खडा ठेवून पाहायचा, पुन्हा कापायची. मला वाटायचं, खडा बसवणं म्हणजे वरून धातू दाबणं. पण त्या कामाचा मोठा भाग वरून दिसतच नाही. घर बरोबर झालं असेल तर खडा ठेवल्याबरोबर स्वस्थ बसतो. मग वरचा धातू फक्त त्याला उठू देत नाही.

दादा मराठी बोलत नसत. त्यांचं एक वाक्य मी रोज ऐकायचो: "पत्थर को पकडना है, दबाना नही."

आधी शिकलो कोंदण. खड्याभोवती सोन्याची पातळ भिंत उभी करायची आणि तिची कड खड्यावर हळूहळू उतरवायची. एका बाजूनं सुरुवात करून गोल फिरत गेलात तर भिंत पुढं ढकलली जाते आणि शेवटी सुरकुती पडते. म्हणून आधी समोरासमोरच्या चार जागा, मग त्यांच्या मधल्या चार, असं करत जायचं. शेवटी कड इतकी चिकटून बसली पाहिजे की नख अडकू नये. खड्याला सगळीकडून सारखा आधार मिळतो, त्यामुळे पोवळं, फिरोजा, ओपल अशा नाजूक खड्यांना कोंदणच चांगलं. ग्रहाचा खडा असेल तर लोकांना तो बोटाला लागायला हवा असतो, म्हणून कोंदण मागून उघडं ठेवतात. बावीस कॅरेटचं सोनं मऊ असल्यानं कड लोण्यासारखी उतरते. अठरा कॅरेटमध्ये सोनं पंचाहत्तर टक्केच असतं. ते जरा हट्टी, पण बारीक दात धरून ठेवायला तेच भक्कम.

हे दात म्हणजे प्राँग. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीनं १८८६ साली सहा प्राँगची अंगठी बाजारात आणली. तिच्यात हिरा पट्टीच्या वर उचलून धरलेला असतो, म्हणून त्याच्यात चहूकडून उजेड शिरतो. आज साखरपुड्याला मुली जी एका हिऱ्याची अंगठी मागतात, तिचा घाट हाच. प्राँगला आतून खाच करायची आणि कंबर त्या खाचेत बसवून टोक वर वाकवायचं. खाच प्राँगच्या जाडीच्या अर्ध्यापर्यंत गेली तर दात तिथंच मोडणार. वाकवताना आधी एक, मग त्याच्या समोरचा, मग उरलेले, प्रत्येक वेळी थोडं थोडं. पांढरं सोनं वाकवलं की किंचित उलटं येतं. प्लॅटिनम मात्र जिथं वाकवाल तिथंच राहतं.

पुढं चॅनेल शिकलो. दोन भिंतींच्या मधल्या खोबणीत हिरे ओळीनं बसवायचे, मध्ये धातू नाही. अंगठी फार देखणी होते, पण नंतर बोट जाड झालं तर ती मोठी करणं अवघड. ओढली की सगळी ओळ सैल पडते. मग पावे. एक मिलिमीटरचा हिरा वजनाला साधारण अर्धा सेंट, म्हणजे कॅरेटचा दोनशेवा भाग. असे पन्नास-साठ हिरे शेजारी शेजारी बसवायचे. आयग्लास डोळ्याला लावून धारदार ग्रेव्हरनं शेजारच्या सोन्यातूनच बारीक दाणा उचलायचा आणि तो हिऱ्याच्या कडेवर वळवायचा. एका हिऱ्याला चार दाणे. हात थरथरला की दाणा तुटतो आणि तिथं पुन्हा दाणा उचलायला सोनं उरत नाही. मागच्या बाजूनं प्रत्येक भोक रुंद करून जाळी काढायची, म्हणजे साचलेला मळ धुता येतो. पावे शिकायला मला दोन वर्षं लागली. तेव्हापासून मी सकाळी चहा पीत नाही.

आता पाचूबद्दल सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्याला अर्थ नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एका व्यापाऱ्याचा चौकोनी पाचू आला, चार प्राँगची अंगठी. त्याच आठवड्यात मी दहा-बारा नीलम बसवले होते. नीलम आणि माणिक ही एकाच जातीची रत्नं. कठीणपणात हिऱ्याला दहा तर त्यांना नऊ. त्यांना जरा जास्त जोर लागला तरी ती सोसतात. पाचू साडेसात ते आठ. पण नुसत्या आकड्यावर जाता येत नाही. बहुतेक पाचूंच्या पोटात बारीक भेगा असतात, त्या झाकायला तेल मुरवलेलं असतं. पाचूचे कोपरे तिरपे कापतात ते याच भीतीनं. माझा हात नीलमच्या सवयीत होता. मी तिसरा प्राँग दाबला आणि अगदी हलका आवाज आला, सुकलेलं पान मोडावं तसा. कोपऱ्याचा टवका निघाला होता.

मी दादांकडे गेलो. ते ओरडले नाहीत. पाचू भिंगाखाली बराच वेळ पाहत बसले. मग अंगठी उचलून स्वतः त्या व्यापाऱ्याकडे गेले आणि चूक आमची आहे असं सांगून आले. खडा पुन्हा कापून लहान करावा लागला. जे वजन गेलं त्याचे पैसे दादांनी भरले आणि माझ्या पगारातून सात महिने थोडे थोडे वळते केले. ते मला कधी जाचलं नाही. जाचलं ते हे, की भिंग शेजारी पडलेलं असताना मी त्या पाचूच्या आत एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दादांनी नेम लावला. सकाळी कामाला बसायच्या आधी दहा पटीचं भिंग घेऊन तासभर खडे पाहायचे. बसवायचे नाहीत. भेग कुठं आहे, कंबर कुठं पातळ आहे, कुठल्या कोपऱ्यावर दाब द्यायचा नाही, ते आधी कागदावर काढायचं. पाचूच्या कोपऱ्यांपाशी घर केसभर मोकळं ठेवायचं, म्हणजे दाब सरळ कडांवर येतो आणि कोपरा सुटतो, हे मी त्या तासांत शिकलो. नाशपाती किंवा बदामी आकाराच्या टोकदार खड्यांना टोकाशी पाचरीसारखा प्राँग का लागतो, तेही तेव्हाच कळलं. टोक झाकलं नाही तर पहिला मार तिथंच बसतो.

अण्णांची नजर अधू झाली तेव्हा, १९९८ साली, मी कोल्हापूरला परत आलो. नवीन कामापेक्षा माझ्याकडे दुरुस्ती जास्त येते आणि मला ती आवडते. दुरुस्तीत माणसाचा हात दिसतो. कणीक मळताना अंगठी काढली नाही तर पीठ खड्याच्या मागं जाऊन बसतं, हिरा आंधळा होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, हिरा खोटा निघाला. खोटा नसतो, मळलेला असतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश एवढ्यानं तो जागा होतो. पाचूला मात्र गरम पाणी नको, वाफेचं मशीन नको, त्याचं तेल निघून जातं. मोती आणि पोवळ्याला लिंबाचा रससुद्धा खातो. पदराचा धागा अंगठीत अडकायला लागला तर समजावं, एक प्राँग उठला आहे. त्याच दिवशी सोनाराकडे जावं. तीस वर्षं घासलेल्या प्राँगची टोकं कागदासारखी पातळ होतात, त्यांना वरून नवं सोनं चढवून घ्यावं. आणि डाग देताना पाचू, मोती, ओपल आधी काढले जातात का, हे विचारायला संकोच करू नये. हिरादेखील उघड्या ज्योतीत दुधाळ होतो. त्याला आधी टाकणखाराचा लेप द्यावा लागतो.

काही वर्षांपूर्वी एक आजी जडावाचं पदक घेऊन आल्या. सासूबाईंचं. आधी कुणीतरी त्याला ज्योत दाखवली होती. आतली लाख वितळून बाहेर आली होती आणि तीन माणकं खाली कलली होती. हे कुंदनाचं काम. त्यात प्राँग नाहीत, डाग नाही. लाखेवर खडा ठेवायचा आणि शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा त्याच्या कडेनं हत्यारानं दाबत, घडीवर घडी घालत भरायचा. सोनं अगदी शुद्ध असेल तर थंड असतानाच दाबानं एकजीव होतं. मुंबईतल्या आमच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर दोन कारागीर हेच काम करायचे. रविवारी मी त्यांच्यापाशी जाऊन बसायचो, म्हणून ते पदक हातात घ्यायचं धाडस झालं. जुनी लाख काढून नवी भरायला आणि तीन खडे बसवायला मला अकरा दिवस लागले. आजींनी पदक घेतलं, गळ्याशी धरलं आणि आरशाकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

मागच्या वर्षी आई गेली. तिचा साज मी पेटीतून काढला. अण्णांनी लग्नात केलेला, म्हणजे पंचावन्न वर्षांपूर्वीचा. सणासुदीला, वास्तूला, हळदीकुंकवाला तिनं तो घातलेला. माणकाची आणि पाचूची पानडी भिंगाखाली धरली. कोंदणाची कड सगळीकडून सारखी उतरली होती, एक सुरकुती नाही. पाचूच्या कोपऱ्यांपाशी पाहिलं, तर केसभर जागा मोकळी होती. अण्णांनी भिंग कधी वापरलं नव्हतं. पाचूच्या पोटात काय असतं हे त्यांना कुणी शिकवलं, तेही मी कधी विचारलं नाही. आपण सोन्याचे, एवढंच ते म्हणायचे आणि मी ते खरं मानून मुंबईला गेलो होतो.

मी पानडी कानाशी धरली, टिचकी मारली, पुन्हा मारली. मग मऊ ब्रशनं धूळ झाडली आणि साज होता तसा पेटीत ठेवला.