एका सदऱ्यावर चार बिल्ले

निवडणूक आली की आम्ही पोरं बिल्ल्यांसाठी सगळ्या पक्षांच्या कचेऱ्या पालथ्या घालायचो. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, कम्युनिस्टांचं विळा-कणीस, सगळं एकाच सदऱ्यावर टोचून गल्लीभर मिरवायचो.

आता नातू फोन पुढे करतो. ‘पोलिटिकल कंपास’ नावाची राजकीय मतांची परीक्षा. ६२ विधानं, प्रत्येकाला सहमत, असहमत, नाहीतर त्यांच्याआधी ‘पूर्ण’ लावून. ‘बघू, विचार करून सांगतो’ म्हणायची सोय नाही. आडवी रेघ अर्थकारणाची, उभी सत्तेची, आणि शेवटी चार चौकोनांत आपला एक ठिपका.

आमच्या चाळीत ठिपके नव्हते, माणसं होती. अमका सेवादलाचा, तमका संघाचा, जिन्याजवळचा शेकापवाला. वाचनालयात कोण आधी ‘साधना’ ओढतो आणि कोण ‘विवेक’, एवढ्यावर आमचं निदान व्हायचं. टोकाच्या खोलीतले रॉयवादी काका देव मानायचे नाहीत. पण गणपतीत आरतीला झांज मात्र त्यांच्याच हातात. त्यांना कुठल्या चौकोनात बसवणार?

डावं-उजवं हे तर १७८९ सालच्या फ्रेंच सभागृहातलं. राजाला नकाराधिकार हवा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, नको म्हणणारे डावीकडे. त्या बाकांवर आपले शेतकरी नेते शरद जोशी कुठे मावतात? खुला बाजार मागायचे आणि त्यासाठी रस्ताही अडवायचे. त्यांची रेघच वेगळी होती : एका बाजूला इंडिया, दुसऱ्या बाजूला भारत. त्याआधी संयुक्त महाराष्ट्र समितीत तर कम्युनिस्ट डांगे, समाजवादी एसेम आणि जनसंघवाले एकाच मांडवात होते.

पण गोडवे तरी किती गायचे? आमच्या त्या निदानाच्या तळाशी बहुतेक वेळा आडनाव असायचं. ते कळलं की माणसाचं मत आम्ही न विचारता लावून टाकायचो. बहुधा बरोबर यायचं, हे त्याहून वाईट. फोन निदान आडनाव विचारत नाही. जातीबद्दलही त्यात एक विधान नाही. आपल्याकडचं राजकारण मोजायला निघालेल्या यंत्राचं मला हसूच येतं.

तरी परीक्षा मी दिली. ठिपका मधोमध पडला. नातू म्हणाला, “आजोबा, बोअर आहात.”

बिल्ल्यांच्या टाचण्यांनी सदऱ्याला भोकं पडायची. दर निवडणुकीनंतर आई ती रफू करत बसायची. ती कुणाला मत द्यायची, हे आम्ही तिला कधीच विचारलं नाही.