थांबण्याची जागा

एडिटरमध्ये ओळीच्या आकड्याशेजारी क्लिक केलं की लाल ठिपका उमटतो आणि प्रोग्रॅम चालत चालत तिथवर येऊन थांबतो. घाईच्या वेळी हा ठिपका मोठा आधार. पण माझं मन रमतं ते थांबा कोडातच लिहिण्यात. पायथनमध्ये 'ब्रेकपॉइंट' हा शब्द आणि पुढे रिकामे कंस, बस्स. २०१८ साली ३.७ आवृत्तीत बॅरी वॉर्सॉ यांच्या प्रस्तावातून ही सोय आली. त्याआधी पायथनचा डीबगर पीडीबी इम्पोर्ट करून 'सेट ट्रेस' लिहावं लागे. जावास्क्रिप्टमध्ये 'डीबगर' एवढं लिहिलं की झालं. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स बंद असली, तर ती ओळ प्रोग्रॅमला मुकाट्याने पुढे जाऊ देते.

समजा, खात्यांची शिल्लक काढणारा लूप आहे. नोंदी हजारो, आणि कुठल्याशा एकाच खात्यात आकडा शून्याखाली जातो. साधा ठिपका लावला तर दर फेरीला थांबायचं, बरोबर आलेला आकडा बघायचा, पुढे सोडायचं. खरी चूक समोर येईपर्यंत डोळे शिणलेले असतात. ठिपक्यालाही अट घालता येते, पण ती माझ्या एडिटरच्या पोटात राहते, शेजारी बसलेल्याला दिसत नाही. म्हणून मी लूपमध्येच लिहिते: शिल्लक शून्यापेक्षा कमी असेल तर. खालच्या ओळीत चार स्पेस सोडून ब्रेकपॉइंट. रन केलं की हजारो खाती सरसर निघून जातात आणि एका खात्यापाशी पीडीबीचा प्रॉम्प्ट उभा राहतो. 'पी' देऊन शिल्लक विचारायची, 'यू' देऊन एक पायरी वर चढायचं, हे फंक्शन कुणी बोलावलं ते पाहायचं. आणि तिथे दिसतं, एकच परतावा दोनदा वजा झालेला.

त्या दोन ओळी मला फार मोलाच्या वाटतात. त्या लिहिण्याआधी काय घडता कामा नये, हे स्वतःशी नेमकं ठरवावं लागतं. ठिपका फक्त जागा सांगतो. ही ओळ संशयही सांगते.

खरं तर खोलात गेलं की ठिपकाही कोडच होतो. इंटेलच्या प्रोसेसरवर डीबगर त्या जागच्या सूचनेचा पहिला बाइट उचलून बाजूला ठेवतो आणि तिथे २०४ हा आकडा बसवतो. हेक्समध्ये तो 'सीसी'. प्रोसेसर तिथे आला की अडतो, सूत्रं डीबगरकडे जातात, मग मूळ बाइट जागच्या जागी परत. हा थांबा एकाच बाइटचा आहे, आणि तसाच हवा. सगळ्यांत छोटी सूचना एका बाइटची असते. थांबा त्याहून मोठा असता तर शेजारच्या सूचनेवर सांडला असता. इतका विचार कुणीतरी थांबण्यासाठी केला, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

ब्रेकपॉइंटच्या कल्पनेचं श्रेय बेटी होल्बर्टन यांना दिलं जातं. १९४६ साली फिलाडेल्फियात जगासमोर आलेल्या एनियाक या संगणकाच्या पहिल्या सहा प्रोग्रॅमर स्त्रियांपैकी त्या एक. एनियाकच्या मूळ रचनेत केबल एका युनिटमधून दुसऱ्यात खोचून प्रोग्रॅम मांडत. हवं तिथे थांबवायचं तर एक केबल काढून घ्यायची. केबल हाच प्रोग्रॅम असल्यामुळे हाताने थांबवणं आणि कोडातून थांबवणं या तेव्हा दोन गोष्टीच नव्हत्या.

आता मात्र काम झालं की थांबा आठवणीने काढावाच लागतो. सर्व्हरवर प्रॉम्प्टला उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं. पायथनब्रेकपॉइंट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य केलं की सगळे थांबे निष्प्रभ होतात, तरी मी त्यावर विसंबत नाही. कमिटआधी शोधून एकेक पुसते. अट मात्र पुसत नाही. शिल्लक शून्याखाली गेली तर, ही ओळ तशीच ठेवते आणि तिच्याखाली खाते क्रमांकासकट एरर उठवते.