भातसानगरची एक दुपार

आसनगांव स्थानकावर उतरून भातसानगरास पोंचेपर्यंत वैशाखाचें ऊन चांगलेंच चढलें होतें. धरणाच्या बाजूनें पाहतां डोंगरांच्या कुशींत पाणीच पाणी! मुंबई जें पाणी पिते त्यांतील जवळजवळ निम्मा वांटा या भातसा नदीचा. पिसे येथें तें उचलतात, पांजरापूर येथें शुद्ध करितात. पण याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. येतांना वाटेवर हंड्यांची रांग आम्हीं पाहिली होती. सरासरीच काढावयाची तर या तालुक्यांत तहान हा शब्दच ऐकूं येऊं नये.

"सरासरीवर माझा विश्वास नाहीं, मामा," आमचा भाचा म्हणाला. अणुभट्टीभोंवतीं काँक्रीटची जाड, बंद कोठी असते. अपघात झाल्यास तींत वायु कसे वाहतील याचें संगणकावर गणित मांडणें हा त्याचा व्यवसाय. ठाणें जिल्ह्यास हा विषय परका नाहीं. 1969 सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें तेव्हां तें याच जिल्ह्यांत होतें. 2014 सालीं तो भाग पालघर जिल्ह्यांत गेला.

दुपारीं ज्या घरीं जेवलों तेथें चूल पेटलेली होती. धूर कौलांखालीं थर धरून राहिला होता. पाटावर बसलेल्या आम्हांस त्याचा उपद्रव नव्हता, पण माळ्यावर चढलेलें पोर खोकत खालीं आलें. भाच्यास आयताच दृष्टांत सांपडला. भट्टींतील इंधन अतोनात तापलें म्हणजे त्याच्या झिर्कोनियमच्या वेष्टनाचा वाफेशीं संयोग होऊन हायड्रोजन निघतो. हवेंत तो शेंकडा 4 झाला कीं पेट घेऊं शकतो. साऱ्या कोठींत मिळून तो शेंकडा 2 भरला, तरी हलका असल्यामुळें घुमटाखालीं सांचून तेथें 10 देखील असूं शकेल! म्हणून कोठीचे लक्षावधि लहान कप्पे कल्पितात आणि प्रत्येक कप्प्याचा जमाखर्च ठेवितात: शेजारून किती वायु व किती उष्णता आली, किती गेली, किती उरली. क्षणाक्षणाला हा हिशेब फिरून करावयाचा. येथें घरच्या रोजकीर्दीचा मेळ बसवितांना आमची तारांबळ उडते!

एक गोष्ट आम्हांस फारच विलक्षण वाटली. कोठींतील दाब उतरावा म्हणून गार पाण्याचे फवारे सोडतात. वाफ निवून तिचें पाणी होतें. परंतु वाफ पुष्कळ असते तोंवर तीच हायड्रोजनला पेटूं देत नाहीं. ती गेली कीं उरलेलें मिश्रण अधिक धोक्याचें. उपाय केव्हां योजावा, हें देखील गणितानें आधीं ताडून पाहावें लागतें.

2011 च्या मार्चमध्यें जपानांत फुकुशिमा येथें चौथ्या भट्टीच्या गाभ्यांत इंधनच नव्हतें. तरी तिच्या इमारतींत स्फोट झाला. तिसऱ्या भट्टीचा हायड्रोजन सामाईक नळांतून तेथें शिरला, असा निष्कर्ष पुढें निघाला.

"आणि तुझें गणित चुकलें तर?" आम्हीं विचारिलें.

"चुकतें कीं! कप्पे मोठे धरले तर घुमटाखालचा थर पुसला जातो आणि उत्तर कसें गोंडस येतें. म्हणून प्रयोगाच्या टाकींत हायड्रोजनऐवजीं निरुपद्रवी हीलियम सोडून मोजतात. त्या आंकड्यांशीं ताळा जमल्यावांचून मी सही करीत नाहीं."

परततांना त्या पाड्यावर टँकर आलेला होता. रांगेच्या शेवटच्या हंड्यापर्यंत पाणी पोंचतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं भाच्यानें गाडी थांबवावयास लाविली.